मातीसकट आणा

पानं पिवळी पडलेली बघायला माणसं गाडी काढून तीन-तीन तास जातात, हे मला जर्मनीत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पानं गळायला लागली की बाई आधी खराटा शोधते. पण देवदत्त म्हणाला, "आई, थुरिंगियाला जाऊ या. ऑक्टोबरात तिथले डोंगर नुसते बघत बसावेत."

देवदत्त माझा मुलगा. एश्बॉर्नला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, राहायला बाड हॉम्बुर्गला. मीनल माझी सून, आणि स्पृहा नात, नऊ वर्षांची. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. साल दोन हजार सात. स्पृहाच्या शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही चौघं निघालो.

थुरिंगिया हे त्यांच्यातलं एक राज्य, आपला महाराष्ट्र आहे तसं. शहरं थोडी, जंगल फार. देशाचे दोन तुकडे होते तेव्हा ते पलीकडच्या तुकड्यात होतं, असं देवदत्तने गाडीत सांगितलं. रंगाचं त्याने काही वाढवून सांगितलं नव्हतं. अख्खा डोंगर हळदीच्या, तांबड्या भोपळ्याच्या आणि विटेच्या रंगाचा, मधेमधे सुईसारख्या पानांची काळपट हिरवी झाडं. मी बघितलं, बरं वाटलं. अर्ध्या तासाने सवय झाली. डोंगराचं एवढंच. मला सांगायचंय ते ज्या बाईंच्या घरी आम्ही उतरलो त्यांच्याबद्दल.

गावाचं नाव हायडेनबाख. तिथल्या घरांना भिंतीवरून काळ्या दगडाच्या चकत्या ठोकलेल्या असतात, माशाला खवले असावेत तशा. मी जवळ जाऊन नखाने ओरखडा काढून बघितला. शाळेतल्या पाटीचाच दगड. मी तिसरीत पाटी सोडली ती कायमची, आणि इथे गावच्या गाव पाट्या पांघरून बसलं होतं.

बाईंचं नाव गेर्लिंडे लांगगूट. सगळे फ्राऊ लांगगूट म्हणायचे, मी मनात लांगगूटबाई म्हणायचे. वय सत्त्याहत्तर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. उंच, हाडापेराने मोठ्या, केस पांढरे आणि पोरासारखे कापलेले, अंगात निळा बिनबाह्यांचा झगा, त्याला खिसेच खिसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. खाली त्या एकट्या राहायच्या आणि वरच्या दोन खोल्या सुट्टीला आलेल्या लोकांना द्यायच्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्या दारातच होत्या. मीनलने नाव सांगितलं, त्यांनी प्रत्येकाचा हात दाबला, मला म्हणाल्या, "फ्राऊ पासलकर." आमचं आडनाव असं तोडून-तोडून इतक्या मानाने आजवर कोणी घेतलं नव्हतं.

त्यांनी कॉफी ओतली आणि मला कळलं.

त्या कप धरायच्या तेव्हा एक बोट कपाच्या आत सोडायच्या. कॉफी बोटाला लागली की ओतणं बंद. इतक्या सफाईने की कोणाच्या लक्षात येऊ नये. देवदत्त आणि मीनल काही बोलत होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी चहा तसाच ओतत होते. मोतीबिंदू. मग मी बघतच राहिले. जिना चढताना आधी कठडा चाचपायच्या. बोलताना खिडकीकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे उजेड डोळ्यात येणार नाही. माणूस ओळखायच्या तो पायाच्या आवाजावरून, आणि चेहरा दिसल्यासारखं करायच्या.

वर गेल्यावर मी मीनलला म्हटलं, "या बाईला दिसत नाही गं."

"काहीतरीच काय आई! त्या तर इथल्या पिल्झ-बेराटरिन आहेत."

"म्हणजे काय ते?"

"अहो, इथे सगळे लोक जंगलातून मश्रूम गोळा करून आणतात. विषारी आहेत की नाहीत ते या बघून सांगतात. रीतसर परीक्षा दिलेली आहे त्यांनी. दारावर बोर्ड नाही का पाहिलात? अडतीस वर्षं करतायत. एक पैसा घेत नाहीत."

बोर्ड मी पाहिला होता, पांढरा, निळ्या अक्षरांचा. मला वाटलं होतं, घर नंबर असेल.

"मग बघतात कशाने?" मी विचारलं.

"डोळ्यांनी, आणखी कशाने?" मीनल म्हणाली आणि ब्यागा उघडायला लागली.

त्या संध्याकाळी मी जिन्याच्या पायरीवर बसून बाईंचं काम बघितलं. खालच्या खोलीचं दार उघडंच असायचं. चार ते सहा ही वेळ. लाकडी टेबल, वर लोंबता दिवा. माणसं ओळीने टोपल्या घेऊन यायची आणि टेबलावर पालथ्या करायची. मला पहिल्यांदा त्या लोकांचाच राग आला. मुळासकट, मातीसकट, पानं-काटक्या चिकटलेलं, सगळं तसंच दुसऱ्याच्या टेबलावर ओतायचं! आपल्यात कोणाच्या घरी मेथीची जुडी न्यायची तरी बाई चार पिवळी पानं काढून नेते.

लांगगूटबाईंना त्याचं काही नव्हतं. एकेक छत्री उचलायच्या, अंगठ्याने बूड चाचपायच्या, मोडायच्या, नाकाशी धरायच्या, कधी तुकडा जिभेला लावून थुंकायच्या. मग ठेवायच्या. उजवीकडे ठेवलं ते खायचं. डावीकडे ठेवलं ते खाऊन माणूस मरत नाही, पण खाऊ नये. आणि समोर एक तांबडी ताटली होती, ती मारणाऱ्यांची. ताटलीत एक जरी पडली, तरी आणणाऱ्याची अख्खी टोपली मागच्या खड्ड्यात जायची, चांगल्या होत्या त्यासुद्धा. कारण तुकडा तुटून कुठे अडकला असेल, सांगता येत नाही. त्या दिवशी एका जोडप्याची टोपली तशी गेली. दोघं दिवसभर वणवण करून आली होती. बाई रडवेली झाली, नवरा हुज्जत घालायला लागला. लांगगूटबाईंनी मान वर केली नाही. "गांत्स," म्हणाल्या. सगळी. एवढा एकच शब्द.

हात आणि नाक यांच्यावर त्यांचं नव्वद टक्के काम चालायचं हे मला दिसलं. उरलेले दहा टक्के त्या कसे भागवतात ते मात्र दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवदत्त, मीनल आणि स्पृहा डोंगरावरचा कुठलासा मनोरा चढायला गेले. माझा गुडघा म्हणाला, तू राहा. सकाळी लांगगूटबाई वर आल्या आणि एक चिनीमातीचा वाडगा माझ्या हातात देऊन गेल्या. आत शिजवलेले आलुबुखार, दालचिनी घालून. भाषा नव्हती, त्यामुळे त्याही हसल्या, मीही हसले. आलुबुखार खाल्ले, छान होते. वाडगा घासला, पुसला आणि ओट्यावर ठेवला. आता तो परत द्यायचा. कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे मला शाळेत नाही शिकवलं, पण शिकवलंय. घरात बघितलं तर पाव, चीज आणि स्पृहाची बिस्किटं. त्यांच्याच देशातली बिस्किटं त्यांनाच काय द्यायची?

म्हणून मी हळूहळू चर्चच्या मागच्या बाजूला गेले. तिथे जुनी, जाड बुंध्यांची झाडं होती, आणि खाली तांबूस पाचोळा. आणि पाचोळ्यातून वर आलेली अळंबी.

मी मुळशीकडची. लहानपणापासून अळंबी काढलेली. भाताच्या कुजक्या पेंढ्यावर येतात ती तर हुबेहूब अशीच, आधी अंड्यासारखी गोल, मग पिशवी फाडून डोकं वर काढतात. आमच्याकडे दोनच जाती, एक अळंबी आणि दुसरी कुत्र्याची छत्री. कुत्र्याची छत्री लुकडी असते, तिला बघूनच कळतं. ही चांगली मांसल होती. शिवाय एक गोगलगाईने कुरतडलेलं होतं. आमची मावशी म्हणायची, किड्याने खाल्लं ते माणसाला चालतं. मी पदराचा ओचा केला आणि भरून आणली.

घरी येऊन नीट निवडली. बुडखे मातीने भरले होते ते कापले. वरची साल किंचित हिरवट होती, मला वाटलं शेवाळ लागलंय, म्हणून तीही सोलून काढली. तीन पाण्यांनी धुतली. पांढरीशुभ्र, बघत राहावीत अशी झाली. बुडखे आणि साली खाली नेऊन लांगगूटबाईंच्या गुलाबाच्या मुळाशी टाकल्या, खत होईल म्हणून. निम्मी वाडग्यात भरली आणि निम्मी आमच्यासाठी ताटाखाली झाकून ठेवली. एकही चाखलं नाही. दुसऱ्याला द्यायचं ते आपण आधी उष्टं करत नाही, तेवढ्यानेच त्या दिवशी वाचले.

पाचच्या सुमारास मंडळी परत आली. मीनलने वाडगा बघितला.

"अय्या, शाम्पिन्यॉन! दुकानात मिळतात ते मश्रूम! कुठून आणलेत?"

"देवळामागून."

"आई!" तिचा आवाजच बदलला. "जंगलातले? इथे असं खायचं नसतं हो. आधी बाईंना दाखवू."

"मला अळंबी कळत नाहीत होय?"

"कळतात हो. तरी दाखवू."

"दाखवायचं काय त्यात? त्यांना द्यायलाच चाललेय मी. देताना बघतील की."

देवदत्त म्हणाला, "या, या, जाऊन या तुम्ही. तोवर मी तेल तापत ठेवतो." पहिले दोन 'या' म्हणजे जर्मन 'हो'. मुलगा हल्ली होही त्यांच्याच भाषेत म्हणतो.

खाली तिघं-चौघं थांबलेले होते. मानफ्रेड नावाचा एक गृहस्थ टोपली आवरत होता. साठीचा, पूर्वी त्या भागातली बस चालवायचा. त्याची टोपली नुकतीच पास झाली होती, त्यामुळे खुशीत होता. मी वाडगा टेबलावर ठेवला. मीनल म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी तुमच्यासाठी आणलेत. तुमचं भांडं रिकामं कसं द्यायचं म्हणून. पण आधी बघून घ्याल का?"

लांगगूटबाई हसल्या. एक उचललं, अंगठा बुडाकडे नेला. बूड नव्हतं. नाकाशी धरलं. नळाच्या पाण्याचा वास येत असणार, दुसरा कशाचा येणार?

"सोललेली आहेत?"

"निवडून आणलीत," मीनल म्हणाली. जरा कौतुकानेच म्हणाली बिचारी.

"शाम्पिन्यॉन," लांगगूटबाई म्हणाल्या. "गूट." चांगली. आणि उजवीकडे ठेवलं. दुसरं उचललं, चाचपलं. "गूट." उजवीकडे. तिसरं उचललं आणि हात थांबला.

त्यांनी ते उलटं केलं. दिव्याखाली धरलं. मग डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर उजेड उतरला होता. मानफ्रेड टोपली घेऊन निघाला होता, तो दारात थांबला.

"पाय कुठे आहेत यांचे?" त्यांनी विचारलं.

"कापले," मी म्हटलं. मीनलने जर्मनमध्ये सांगितलं.

त्या तशाच उभ्या. मला त्यांची पाठ दिसत होती. आत्ता त्यांना काय-काय करता आलं असतं ते मला चांगलं कळत होतं, कारण मीही ते सगळं केलंय. दिवा वाईट आहे म्हणता आलं असतं. चष्मा वर राहिला म्हणता आलं असतं. कापलेली तपासत नाही, न्या परत, असं म्हटलं असतं तरी नियमात बसलं असतं. पण मग आम्ही उरलेली खाल्ली असती, कारण त्यांनी दोनदा 'गूट' म्हटलेलं आम्ही ऐकलं होतं.

"मानफ्रेड," त्या म्हणाल्या, "इकडे ये. या छत्रीच्या खालच्या पट्ट्या बघ. रंग कोणता?"

मानफ्रेड आला. "पांढरा."

"गुलाबी झाक आहे?"

"नाही. दुधासारखा पांढरा." मग म्हणाला, "तुला दिसत नाही का, गेर्लिंडे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."

मीनल हळू आवाजात मला सगळं सांगत होती, ती तिथे बोलायची थांबली. मलाही सांगायची गरज नव्हती.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. त्यांनी उजवीकडची दोन्ही उचलून तांबड्या ताटलीत टाकली. कोणी चाखलं का, विचारलं. वर आणखी आहेत का, विचारलं. मीनल उत्तर न देता जिन्यावर धावली. वर तेल तापलं होतं, मोहरी पडायची राहिली होती. ती ताट घेऊन खाली आली, आणि मागून देवदत्त हातात झारा तसाच घेऊन आला. लांगगूटबाई मला म्हणाल्या, बुडखे दाखवा. मी गुलाबापाशी नेलं. त्या गुडघ्यांवर बसल्या, मातीत हात घातला आणि एका क्षणात एक बुडखा वर काढला. त्याला खाली मोज्यासारखी पिशवी होती. ती त्यांनी बोटांनी उकलून मला दाखवली. मग हिरवट साल काढून दाखवली.

"शाम्पिन्यॉनच्या पट्ट्या गुलाबी असतात. हिचं हे असं असतं. हिरवी टोपी, पांढऱ्या पट्ट्या, पायात मोजा. चवीला चांगली लागते म्हणतात, ज्यांनी सांगितलं ते उरले नाहीत. पहिला दिवस काही होत नाही. मग यकृत जातं." मीनलने हे मला एका दमात सांगितलं आणि मग माझा दंड घट्ट धरला. मी तिला तिच्या लग्नापासून ओळखते, असा दंड तिने कधी धरला नव्हता.

"गोगलगाईने खाल्लं होतं पण," मी म्हटलं.

"गोगलगाईला काही होत नाही," लांगगूटबाई म्हणाल्या. "गोगलगायी मोजू नका."

आत आल्यावर त्या टेबलामागे बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आज मी जे-जे पास केलं ते सगळं फेका. मानफ्रेड, तुझंही."

"अगं, माझी तर चांगली दिसतायत."

"चांगली दिसतायत असं कोण म्हणालं? मी. म्हणून फेक."

मानफ्रेड टोपलीकडे बघत राहिला. वीस वर्षं तो या टेबलावर टोपल्या ओतत होता. मग मागच्या खड्ड्याशी गेला आणि पालथी केली. बाकीच्यांनीही केली. जाताना एका बाईने निरोपाचं 'गुटन आबेंड' म्हटलं, ते फरशीला म्हटल्यासारखं. मानफ्रेडने तेही म्हटलं नाही.

मग त्यांनी घरातल्या बोळातला फोन घेतला आणि त्या आठवड्यात जी-जी घरं येऊन गेली त्यांना एकेकाला फोन केला. काही शिल्लक असेल तर फेका, वाळवलेलं असेल तर फेका, माझे डोळे गेलेत. हेच वाक्य अकरा वेळा. आम्ही वर जिन्यावर बसून ऐकत होतो. नंबर सगळे पाठ होते, त्यामुळे दिसायची गरज पडली नाही. स्पृहा मोजत होती. "एल्फ," ती म्हणाली. अकरा. मी आजी असून तिच्याशी मराठीत बोलते आणि ती मला जर्मनमध्ये उत्तर देते, त्याची त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मी देवळामागे जाताना ती बरोबर असती आणि ओरडली असती, तरी मला कळलं नसतं.

सकाळी खाली खुडबुड ऐकू आली. लांगगूटबाई दाराशी शिडीच्या दोन पायऱ्या चढून बोर्ड काढत होत्या. स्क्रूला खाच सापडत नव्हती. पेचकस घसरून पांढऱ्या रंगावर ओरखडे उठत होते. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि पेचकस खाचेत बसवला. त्यांनी फिरवला. चार स्क्रू होते, चारही तसेच काढले. मग पायरीवर बसलो, बोर्ड मधे.

मीनल चहा घेऊन आली तेव्हा त्या बोलायला लागल्या. मीनलकडे बघून बोलत नव्हत्या, बोर्डाकडे बघून.

सत्तेचाळीस साली त्या सतरा वर्षांच्या. लढाई संपली होती आणि खायला काही नव्हतं. पूर्वेकडून हाकलून दिलेल्या माणसांचे लोंढे आले होते, सरकारने प्रत्येक घरात कोणी ना कोणी घुसवलं होतं. यांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत एक बाई आणि तिची दोन मुलं. आम्ही राहिलो त्याच खोल्या. घरातलं कोणी त्या बाईशी बोलत नसे. भाषा एकच, तरी बोलत नसत. एकदा ऑक्टोबरात ती बाई पातेलं घेऊन जिना चढत होती आणि या उतरत होत्या. पातेल्यात पांढरी, सोललेली, धुतलेली अळंबी. त्या बाईच्या गावाकडे म्हणे तशीच दिसणारी, खायची मिळायची.

"मी पातेलं बघितलं," लांगगूटबाई म्हणाल्या. "मला तेव्हा फार कळत नव्हतं, पण विचारावंसं वाटलं, कुठून आणलीत? नाही विचारलं. आमच्यात त्यांच्याशी बोलत नव्हते ना."

पुढे काय झालं ते मीनलने विचारलं नाही. मीही नाही. वर किती मुलं राहिली ते त्यांनी सांगितलं नाही.

"काल वाडगा जिन्यावरून खाली आला," त्या म्हणाल्या, "ते पातेलं आठवलं म्हणून हात थांबला. नाहीतर तिसऱ्यालाही 'गूट' म्हटलं असतं मी."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?" मीनलने विचारलं.

"डॉक्टर सांगेल तुम्हाला दिसत नाही. मग बोर्ड जाईल. म्हटलं, आणखी एक ऑक्टोबर. गेल्या ऑक्टोबरातही हेच म्हटलं होतं."

हे मला नवं नव्हतं. मी दोन दिवाळ्या असंच म्हणून काढल्या होत्या, आणि माझ्या हातात तर कोणाचा जीवही नव्हता, फक्त करंज्या होत्या. मी चष्मा काढला आणि त्यांच्या अगदी तोंडाशी तोंड नेलं.

"मीनल, सांग त्यांना. माझे दोन्ही झालेत. एकेकाला वीस मिनिटं."

लांगगूटबाईंनी माझ्या डोळ्यात बघितलं, म्हणजे बघायचा प्रयत्न केला. "दुखलं?"

"तिथे नाही दुखलं. घरी आल्यावर दुखलं. ओट्यामागची भिंत दिसली. आणि मग आरशात मी."

मीनलने सांगितलं. बाई मोठ्याने हसल्या, पोटातून. चहा सांडला. मग डोळे पुसले आणि वाडगा आणायला आत गेल्या. तो त्यांनी उकळत्या पाण्यातून काढून ठेवला होता. माझ्या हातात देऊन मीनलला म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना सांग, पुढच्या वेळी सफरचंद."

टेबलाच्या वरच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावलेला होता. निघताना मी मीनलकडून तो वाचून घेतला. एकच ओळ होती. मातीसकट आणा. मी एक अख्खी संध्याकाळ त्याच्यासमोर बसून लोकांच्या आळशीपणाला नावं ठेवली होती.

मी नोव्हेंबरात पुण्याला परत आले. लांगगूटबाईंनी त्या हिवाळ्यात एक डोळा करून घेतला आणि वसंतात दुसरा, हे मला मीनलने फोनवर सांगितलं. मग त्यांनी जिल्ह्याला पत्र लिहिलं की मला पुन्हा परीक्षेला बसवा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिशीच्या पोरांबरोबर. माझी तिसरी राहिली ती राहिलीच, पण ही बाई जाऊन बसली. टेबलावर मांडलेल्या सगळ्या ओळखल्या. उलट दोन ठिकाणी परीक्षकांशी वाद घातला म्हणे.

पुढच्या ऑक्टोबरात ही तिघं पुन्हा हायडेनबाखला गेली. मीनलने तिथूनच फोन केला. बोर्ड परत लागलाय, ओरखड्यांसकट. पहिल्या दिवशी चार ते सहा कोणी आलं नाही. बाई टेबलामागे हात बांधून बसून होत्या. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी साडेपाचला मानफ्रेड आला, काही न बोलता टोपली पालथी केली. एक डावीकडे गेली, बाकी उजवीकडे. तो टोपली भरून घेऊन गेला. चौथ्या दिवशी दोघं आली.

"आणि आई, त्यांनी तुमच्यासाठी दिलंय. म्हणजे तुम्ही नाही म्हणून मला दिलंय. तोच वाडगा, मी सफरचंदं भरून नेला होता तो. म्हणाल्या, तुमच्यात रिकामं देत नाहीत ना."

"काय आहे त्यात?"

"पिवळी-पिवळी अळंबी आहेत हो, बुडख्यांसकट. नुसती माती. कशी साफ करू? तुमच्यासारखी सोलू का?"

"थांब," मी म्हटलं. "त्यांनी बघितलीत का?"

"माझ्यासमोर. एकेक."

"कशाने?"

मीनल हसली. "डोळ्यांनी, आई. दोन्ही."

"मग घे निवडायला," मी म्हटलं.